चार दिवसांचे मामा

भाडेकरूकडे आलेला पाहुणा किती दिवसांचा आहे हे बॅगेवरून कळत नाही, उशीवरून कळतं. खरोखर दोन दिवसांसाठी आलेला माणूस यजमानाची उशी घेतो, सकाळी मान आखडली म्हणून कुरकुरतो आणि तिसऱ्या दिवशी एस.टी. गाठतो. स्वतःची उशी घेऊन येणाऱ्याने मानेचा दूरवर विचार केलेला असतो. मामा पहिल्यांदा आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये शिरले तेव्हा त्यांच्या काखेत फुलाफुलांच्या अभ्र्याची उशी होती, हातात पितळी तांब्या होता आणि पिशवीतून औषधांचा डबा डोकावत होता. "भाच्याकडं आलोय. चार दिवस," ते मला आपण होऊन म्हणाले. भाडेकरूंचे सगळे पाहुणे हाच आकडा सांगतात. तीन कोणी सांगत नाही, पाचही नाही.

भाचा म्हणजे माझा भाडेकरू. कोथरूडला एकाच सोसायटीत आमचे दोन फ्लॅट आहेत म्हटलं की लोकांच्या भुवया वर जातात. त्यात भुवया वर जाण्यासारखं काही नाही. दुसरा फ्लॅट मुलासाठी घेतला आणि मुलगा न्यू जर्सीला गेला. कोथरूडमध्ये भाड्याने मिळणाऱ्या बऱ्याच फ्लॅटांचा इतिहास एवढाच असतो. भाडेकरू मुलगा सज्जन. हिंजवडीला नोकरी, एक तारखेला भाडं जमा, भिंतीला खिळा ठोकायचा तरी "काका, चालेल ना?" म्हणून विचारणार. आमच्या करारनाम्याच्या शेवटी वस्तूंची यादी आहे: पंखे चार, गीझर एक, पडद्यांच्या दांड्या पाच, किल्ल्यांचे संच दोन. मामांचा उल्लेख कुठेही नाही.

पाहुणा रुजायला लागला की त्याच्या खुणा दिसतात आणि त्या ठरलेल्या क्रमाने दिसतात. आधी गॅलरीतल्या दोरीवर लेंगा येतो. मग दाराबाहेरच्या चपला आत, रॅकवर जातात. मग दूध बदलतं. पोरगा पिशवीचं दूध घ्यायचा. मामांनी म्हशीच्या दुधाचा रतीब लावला आणि सकाळी साडेसहाला पातेलं घेऊन ते दारात उभे राहू लागले. शेवटची खूण म्हणजे तिसरी किल्ली. कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याकडून मामांनी ती करून आणली, जानव्याला बांधली, आणि मला म्हणाले, "तुमचं कुलूप जरा अडतं हो मालक. तेल घातलं मी." त्याच आठवड्यात वॉचमनने इंटरकॉमवरून कुरिअरवाल्याला सांगितलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं: "दुसरा मजला, मामांचा फ्लॅट."

आता यात विनोद कुठे आहे पाहा. मी त्या फ्लॅटमध्ये राहत नाही म्हणून सोसायटी माझ्याकडून दरमहा बिनभोगवटा शुल्क घेते. सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ नये असा शासनाचा 2001चा आदेश आहे, म्हणून निदान तेवढ्यावर भागतं. म्हणजे मी कागदावर आहे आणि तिथे राहत नाही, म्हणून पैसे भरतो. मामा तिथे राहतात आणि कागदावर नाहीत, म्हणून भरत नाहीत.

माझ्या वयाच्या घरमालकाला असल्या गोष्टींची भीती वाटते आणि ती उगाच वाटत नाही. 1948चा कूळ कायदा, आणि त्यातली 1 एप्रिल 1957 ही तारीख आमच्या वडिलांच्या पिढीला जन्मतारखेसारखी पाठ होती. त्या दिवशी कसणारं कूळ जमिनीचं मालक ठरलं. शहरातल्यांची तारीख वेगळी: 1 फेब्रुवारी 1973. मुंबई भाडे कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या दिवशी चालू कराराने ज्यांच्या ताब्यात किमान एक खोली होती, ते साधे लायसन्सी एका रात्रीत संरक्षित भाडेकरू झाले. त्यानंतर कित्येक वर्षं लोक घरं कुलूप लावून ठेवत, पण भाड्याने देत नसत. 1999चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, 31 मार्च 2000 पासून लागू झाला, लिव्ह अँड लायसन्सवाल्या मालकाला बळ मिळालं, हे सगळं मला ठाऊक आहे. पण भीती कायदा बदलला म्हणून जात नाही. गॅलरीतला लेंगा दिसला की मला 1973 आठवतं.

आणि मामा साधे पाहुणे असते तर एक वेळ चाललं असतं. मामा सातारा जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी कुळांच्या नोंदी केल्या होत्या, कमी केल्या होत्या, आणि दोन्हींवर आलेली अपिलं फायलीला लावली होती. अशा माणसाला आपल्या फ्लॅटच्या गॅलरीत निवांत दात कोरताना पाहणं हा मालकाच्या रक्तदाबाला धक्का असतो.

लांबलेल्या पाहुण्याबद्दल लोकांची एक चुकीची समजूत आहे, की तो आळशी, फुकट्या, सोफ्यावर पसरलेला असतो. तसला पाहुणा टिकत नाही. टिकतो तो उपयोगी पडणारा. मामांनी सोसायटीच्या गणपतीसाठी पोलीस चौकीत द्यायचा अर्ज असा लिहिला की हवालदाराने तो दुसऱ्या मंडळांना नमुना म्हणून दाखवला. तळमजल्यावरच्या आजींची गावच्या सात-बाऱ्यावरची वारसनोंद त्यांच्या सल्ल्याने लागली. 'ए' विंगमधल्या जोशीबुवांना (नाव बदललंय, त्यांना चालणार नाही) फेरफार आणि सात-बारा यांतला फरक मामांनी तीन संध्याकाळी समजावला आणि चौथ्या संध्याकाळी जोशीबुवाच तो इतरांना समजावू लागले. माझ्यावरही उपकार आहेत. पुणे महापालिका मालक स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात चाळीस टक्के सवलत देते, त्यासाठी पीटी-3 अर्ज भरावा लागतो. माझा अर्ज मामांनी भरला. मी सहज म्हणालो, दुसऱ्या फ्लॅटचाही भरून टाकू. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "त्याला कसा चालंल? तिथं तुम्ही राहत नाही. तिथं आम्ही राहतो."

एवढं झाल्यावर जा कसं म्हणायचं? आडून विचारायला मी सुरुवात केली. पुणेरी माणसाला आडून विचारणं जमतं असा आमचा समज आहे. तहसीलवाल्यांपुढे तो टिकला नाही.

"मग मामा, गावाकडे पेरण्या?"

"झाल्या. धाकट्यानं केल्या."

"घर बंद असेल ना?"

"छे, थोरली सून आहे की."

"मग आता कधी निघायचं म्हणताय?"

"एकादशी झाली की निघतो."

मी खूश होऊन घरी आलो. बायको म्हणाली, "कोणती एकादशी?" वर्षाला चोवीस एकादश्या असतात, अधिक महिना आला तर सव्वीस. पुढच्या एकादशीनंतर मी पुन्हा विचारलं, तर गणपती तोंडावर आले होते आणि मंडळाचा हिशेब मामांकडे होता. गणपतीनंतर पितृपंधरवडा, त्यात कोणी प्रस्थान ठेवतं का? मग नवरात्र. नवरात्रात ते उठता-बसता करत आणि घट भाच्याच्या, म्हणजे माझ्या, फ्लॅटमध्ये बसलेला. मग दिवाळी, आणि दिवाळीच्या आधी माणसाला घराबाहेर काढणारा घरमालक म्हणून सोसायटीत मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. दिवाळीनंतर थंडी पडली आणि मामांचे गुडघे धरले.

शेवटी भाडेकरूलाच गाठलं. तो माझ्यापेक्षा जास्त गांजलेला निघाला. बेडरूम मामांची झाली होती, हा हॉलमध्ये गादी टाकून झोपत होता. पहाटे पाचला देवपूजा, त्यानंतर आकाशवाणी. रात्री अमेरिकेतल्या लोकांशी याची मीटिंग सुरू झाली की मामा मागून पाण्याचा तांब्या घेऊन जात आणि जाता जाता कॅमेऱ्यात वाकून "कोण साहेब आहेत?" विचारत.

"मग सांग ना त्यांना," मी म्हणालो.

"काका, आईचा सख्खा भाऊ आहे. माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी मामांनी भरलीय." तो गप्प झाला. मग म्हणाला, "तुम्ही मालक आहात. तुम्ही सांगितलं तर चालेल. वाटल्यास मला झापा त्यांच्यासमोर."

मी त्याला झापलं नाही, पण त्याची दया येऊन म्हणालो, शांतपणे काम करायचं असेल तर आमच्याकडे बसत जा. त्याने ते मनावर घेतलं. जेवणाच्या टेबलाच्या टोकाला त्याचा लॅपटॉप आला, मग चार्जर, मग पाण्याची बाटली, मग एक छोटा पंखा. बायको त्याला साडेचारला चहा देऊ लागली. एक दिवस मी टेबलाशी वर्तमानपत्र वाचत असताना त्याने हळूच बोट ओठांवर ठेवून मला पान आवाज न करता उलटायला सांगितलं. मामांचा मुक्काम त्याच्याकडे आणि त्याचा माझ्याकडे, असा हा हिशेब. न्यू जर्सीहून मुलाने व्हिडिओ कॉल केला तेव्हा विचारलं, "बाबा, मागे तो कोण बसलाय?"

तेव्हा मात्र मी नोटीस लिहायचं ठरवलं. वकिलाकडे गेलो असतो, पण वकील पैसे घेतो आणि म्हणतो बघू. मी स्वतः टाइप केली, सभ्य भाषेत, आणि संध्याकाळी मामांच्या हाती दिली. ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी कागद आडवा-उभा करून पाहिला, चष्मा पुसला, आणि सदऱ्याच्या खिशातून लाल शाईचं पेन काढलं.

"विषय कुठंय?"

"कसला विषय?"

"विषय. आणि संदर्भ. वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळलं पाहिजे कशाबद्दल आहे." त्यांनी वर जागा करून लिहिलं: विषय - सदनिका खाली करून ताबा देणेबाबत. "आणि हे 'कृपया' काढा. नोटिशीत कृपया नसतं. 'आपण जावे ही विनंती' म्हणजे काय? 'शांततेने खाली ताबा द्यावा, अन्यथा पुढील कार्यवाही करणेत येईल' असं पाहिजे. माझं नाव एकदा पूर्ण लिहायचं, नंतर 'सदर इसम'. आणि खाली प्रत माहितीसाठी, भाच्याला."

लाल शाई पानभर पसरली. मग पेन थांबलं. "आधार कुठला घेतलाय?"

मी छाती काढून म्हणालो, "भाडे नियंत्रण कायदा, कलम 24."

मामा हसले. आवडत्या उमेदवाराने चुकीचं उत्तर दिल्यावर परीक्षक हसतो तसं. "24 बरोबर आहे, पण ते लायसन्सीला. मुदत संपली आणि जागा सोडली नाही तर दुप्पट भरपाई. मी लायसन्सी आहे का? नाही. माझं भाडं किती? शून्य. शून्याची दुप्पट सांगा."

मी सांगितली नाही.

"दुसरं बघा. 1882चा ईझमेंट ॲक्ट. लायसन्स दुसऱ्याला देता येत नाही. अपवाद एकच, करमणुकीच्या ठिकाणाचा. म्हणजे नाटकाचं तिकीट भाचा मला देऊ शकतो, फ्लॅट देऊ शकत नाही. दिला असता तर तुम्ही त्याला धरला असता. पण त्यानं दिलाय कुठं? तो तिथंच राहतोय." इथे त्यांनी जरा थांबून दुरुस्ती केली. "म्हणजे दिवसा तुमच्याकडं असतो. पण कायद्यानं तिथंच."

"मग माझ्या हातात काय आहे?" मी खरोखर हताश होऊन विचारलं. घरमालक भाडेकरूच्या पाहुण्याला हा प्रश्न विचारतो, याहून वाईट अवस्था मला माहीत नाही.

मामांनी कागद पालथा घातला. त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर बहुधा पहिल्यांदाच कामाचा उजाळा आला होता. "तुमच्या करारात खोट आहे. पंखे मोजलेत, माणसं मोजली नाहीत. कलम 55 नं करार लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे, तो आहे, चांगलं आहे. नसता तर भाडेकरू म्हणेल ती अट खरी धरली असती. पण अट लिहिलीच नसेल तर नोंदणी करून उपयोग काय? अकरा महिने कधी संपतात? त्या वेळी एक कलम घाला. घ्या लिहून." आणि त्यांनी सांगितलं, मी लिहिलं: परवानाधारकाकडे येणारी कोणतीही व्यक्ती सलग पंधरा दिवसांपेक्षा अधिक काळ सदर सदनिकेत राहिल्यास परवानाधारकाने तसे मालकास लेखी कळवावे, व त्यापुढेही राहावयाचे असल्यास अशा व्यक्तीने आधार क्रमांक व अंगठ्याचा ठसा देऊन करारात सहपरवानाधारक म्हणून सामील व्हावे, अन्यथा तिने सदनिका तात्काळ सोडावी.

मी लिहिता लिहिता थांबलो. "मामा, हे तुमच्यावरच येईल."

"मालक, कागद कोणावर येतोय ते बघून लिहायचा नसतो. सलगच्या पुढं 'किंवा तुटक' घाला. नाहीतर चौदाव्या दिवशी एक रात्र लॉजवर झोपून येणारे असतात."

नोटिशीची पोच त्यांनी दिली. 'मिळाली' असं लिहिलं, तारीख टाकली, सही केली नाही. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. नंतर आठवलं तसं, मामांची सही कुठेच नव्हती. मंडळाच्या हिशेबावर खजिनदाराची सही, कुरिअरच्या कागदावर वॉचमनची, आजींच्या अर्जावर आजींची. सगळा मजकूर मामांचा, खाली नाव दुसऱ्याचं.

कराराची मुदत संपत आली. अकरा महिन्यांची ही पद्धत का आहे ते सांगायचं राहिलं: 1908च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून लोकांनी अकरा शोधून काढले. महाराष्ट्रात आता किती का महिने असेनात, नोंदणी करावीच लागते, तरी अकराचा आकडा गेलेला नाही. दर वेळी मुद्रांक शुल्क, शहरात हजार रुपये नोंदणी फी आणि वर एजंटचे वेगळे. एजंट हल्ली घरीच येतो. लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र टेबलावर मांडतो. त्या टेबलावर आधीच आमच्या भाडेकरूचं ऑफिस होतं, ते त्याने तेवढ्यापुरतं सरकवलं.

माझा अंगठा झाला, भाडेकरूचा झाला, दोन साक्षीदारांचे झाले. एजंटने नवं कलम भरभर वाचलं आणि म्हणाला, "आजोबा, तुम्ही सहपरवानाधारक ना? आधार नंबर सांगा. आणि अंगठा इथे."

यंत्राच्या काचेखाली लाल दिवा होता. मामांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"उभ्या तालुक्याचे अंगठे घेतले मी," ते म्हणाले. "नोव्हेंबरातला हयातीचा दाखला सोडला तर स्वतःचा कुठं उठवला नाही."

"एकदाच ठेवायचाय, आजोबा. दोन सेकंद."

"हात धुऊन येतो," मामा म्हणाले. एजंटला वाटलं अंगठा नीट उमटावा म्हणून. वीस मिनिटांनी मामा आले तेव्हा काखेत उशी होती.

भाडेकरूने अडवलं, मनापासून अडवलं. माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मीसुद्धा म्हणालो, "मामा, एकादशीपर्यंत तरी..." ते ऐकायला तयार नव्हते. कलम बरोबर आहे, म्हणाले, आणि कलम बरोबर असल्यावर तोडगा नसतो. तिसरी किल्ली त्यांनी पाकिटात घालून मला दिली. पाकिटावर लिहिलं होतं: किल्ली 1 (अक्षरी एक फक्त). तिची पोच मागितली. मी सही केली. त्या दिवशी अष्टमी होती, मी पंचांग पाहिलं.

भाडेकरू परत बेडरूममध्ये झोपतो. त्याचा लॅपटॉप अजून आमच्याकडेच आहे, कारण चहा आमच्याकडे असतो. नव्या कलमात यासाठी काही तरतूद नाही. पहाटे दूधवाला अजून बेल वाजवतो आणि मामांची चौकशी करतो.

मागच्या आठवड्यात चिंचवडहून एका गृहस्थांचा फोन आला. आवाज थकलेला. त्यांच्या भाडेकरू मुलीकडे तिचे मामा चार दिवसांसाठी आले आहेत, सोसायटीत फार मान आहे त्यांना, पण नोटीस कशी लिहावी कळत नाही. माझा नंबर कुणी दिला म्हणून विचारलं, तर मामांनीच दिला. "कोथरूडच्या मालकांकडं तयार मसुदा आहे, तपासलेला," असं म्हणाले म्हणे. मी लाल शाईसकट त्या पानाचा फोटो पाठवून दिला. पत्ता तेवढा बदला असं कळवलं. नाव तेच आहे.